‘डायरेक्ट’ केलेला स्विच

रायपूरच्या पंडरीत कापड बाजारापासून जवळच एका गॅरेजमध्ये आम्ही गेल्या पावसाळ्यात गवत कापायचे यंत्र पाहिले. माणूस सीटवर बसून ट्रॅक्टरसारखे चालवतो, ते. आमच्या एका सभासदाचा मेहुणा ठेकेदाराकडे त्यावर कामाला होता. पात्यात फांदी अडकली म्हणून तो खाली उतरला. इंजिन बंद पडायला हवे होते, पडले नाही. पायाची दोन बोटे गेली.

सीट उचलून पाहिली तर खालच्या स्विचच्या प्लगमध्ये तारेचा तुकडा खुपसलेला. मिस्त्री म्हणाला, “गाडी बार बार बंद होती थी. ठेकेदार बोले, डायरेक्ट कर दो.” मिस्त्री खोटे बोलत होता असे आम्हाला वाटत नाही.

या यंत्राला साधारण तीन ठिकाणी सेफ्टी स्विच असतात. सीटखाली, ब्रेकच्या पायदानाशी आणि पाते जोडायच्या दांड्याशी. ब्रेक दाबलेला आणि पाते सुटलेले असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. पाते फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन मरते. अमेरिकेत ढकलून चालवायच्या यंत्रांना १९८२ पासून नियमच आहे की, हाताने दांडी सोडली की तीन सेकंदांत पाते थांबले पाहिजे. तिथेही बोटे तुटल्यावरच नियम आला असणार.

मग यंत्र वारंवार बंद का पडत होते? मुलगा अंगाने किडकिडीत. जमीन खडबडीत. सीट उसळली की स्विच सुटे. काही यंत्रांत सीटची स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे लावता येते. ती कोणी बघितलीच नाही. दुसरी कारणेही साधीच असतात. ब्रेकच्या स्विचवर ओले गवत चिकटून बसते, प्लगच्या पिना गंजतात, उंदीर वायर कुरतडतात. आधी बॅटरी आणि फ्यूज पाहावा. मग किल्ली काढून, स्पार्क प्लगची वायर सोडून, एकेका स्विचचा प्लग काढावा आणि मीटर लावून स्विच हाताने दाबावा. दाबल्यावर आणि सोडल्यावर मीटर बदलला नाही तर स्विच गेला. अर्ध्या तासाचे काम आहे.

तार मात्र अंदाजाने जोडू नये, कारण सगळ्या यंत्रांची वायरिंग सारखी नसते. रेल्वेतल्या माणसाला तर हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे ट्रॅक सर्किटची तार तुटली की रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. यातल्या बऱ्याच इंजिनांत उलटे आहे. स्विच इग्निशनची वायर अर्थ करतो तेव्हा इंजिन थांबते. ती वायर तुटली तर इंजिन थांबतच नाही, आणि उतरेपर्यंत कोणाला कळतही नाही. म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी सपाट जागी, आसपास कोणी नसताना, पाते चालू करून सीटवरून थोडे उठून बघावे. पाय मात्र पायदानावरच ठेवावेत. इंजिन मेले नाही तर यंत्र उभे करावे.

उभे करावे, हे लिहायला सोपे आहे. उभ्या यंत्राची मजुरी कोण देणार? खरी अडचण तिथे आहे. ‘डायरेक्ट’ करणारा हात मिस्त्रीचा असतो, घाई दुसऱ्याची असते. आपल्याकडे वॅगन बिघडली तर सिक लेबल लागते, आणि त्या दिवसाचा पगार कोणी कापत नाही. सिग्नलचा माणूस डिस्कनेक्शन मेमो दिल्याशिवाय गिअरला हात लावत नाही, निदान लावू नये. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटच्या फेरफारातल्या चुका निघाल्या. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ ला ३५ जण मेले, ते एका सुट्या राहिलेल्या जुन्या वायरीमुळे. ते काम करणाऱ्या माणसाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. त्याला एकट्याला दोष देऊन चौकशी थांबली नाही, हे महत्त्वाचे.

टपाल खात्यातले बंधू म्हणतील, आमचा काय संबंध? तुमच्या इमारतीतल्या लिफ्टच्या दाराला हाच स्विच असतो. त्यात आगपेटीची काडी खुपसलेली आम्ही स्वतः पाहिली आहे.

आमचे स्पष्ट म्हणणे असे आहे. रेल्वे आणि टपालाच्या आवारात ठेकेदाराचे जे जे यंत्र येते, त्याचे सेफ्टी स्विच खात्याच्या माणसाने महिन्यातून एकदा तपासून वहीत सही करावी. स्विच खराब म्हणून यंत्र थांबवणाऱ्या ठेका कामगाराची त्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि ही अट टेंडरमध्येच लिहावी. पुढच्या शाखा सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत.

त्या मुलाच्या भरपाईचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. प्लगमधून काढलेला तारेचा तुकडा पाकिटात घालून अर्जाला जोडला. मिस्त्रीने साक्ष द्यायचे कबूल केले आहे.