टूलबार टिकत नाही, तेव्हा आधी प्रोफाइल उघडा

‘बटणे हवी तशी लावून घेतो, पण थंडरबर्ड बंद करून उघडला की सगळे पहिल्यासारखे.’ ही तक्रार आली की आपल्या व्यवसायातले बरेच जण एकच उपाय करतात. हा ई-मेलचा प्रोग्रॅम काढतात आणि नव्याने टाकतात. दुसऱ्या दिवशी कस्टमरचा पुन्हा फोन येतो, आणि तो येणारच. थंडरबर्ड अनइन्स्टॉल करताना प्रोफाइलचे फोल्डर सहसा जागेवरच राहते, आणि टूलबारची मांडणी तर त्याच फोल्डरात असते.

पूर्वी ती ‘लोकलस्टोअर डॉट आरडीएफ’ या फाइलमध्ये असे, आता ‘एक्सयूएलस्टोअर डॉट जेसन’मध्ये असते. २०२३च्या ११५व्या आवृत्तीत टूलबारचे रूप पार बदलले, तरी फाइल हीच राहिली. म्हणून कोणतेही बटण दाबण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. हेल्प मेन्यूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइलचे फोल्डर उघडावे. मग टूलबारवर एक बदल करून थंडरबर्ड बंद करावा, टास्क मॅनेजरमध्ये तो खरोखर बंद झाल्याची खात्री करावी आणि या फाइलची ‘मॉडिफाइड’ वेळ पाहावी.

वेळ बदललीच नसेल तर फाइल लिहिलीच जात नाही. जुन्या सीडीवरच्या बॅकअपमधून प्रोफाइल परत आणले असेल तर फाइलींना रीड-ओन्लीची खूण चिकटून आलेली असू शकते. लिनक्सवर कोणी एकदा ‘सुडो’ने थंडरबर्ड चालवला असेल तर फाइलची मालकी रूटकडे गेलेली असू शकते. कधी डिस्क काठोकाठ भरलेली असते, तर कधी अँटिव्हायरस लिहू देत नाही. वेळ बदलली आणि तरी मांडणी टिकत नसेल, तर नंतर कोणीतरी ती पुसतो आहे. शाळांच्या आणि प्रशिक्षण केंद्रांच्या लॅबमध्ये डीप फ्रीझसारखे सॉफ्टवेअर दर रीस्टार्टला मशीन मूळ स्थितीत आणते. तिथे थंडरबर्डचा दोष शोधत बसणे व्यर्थ आहे.

यातले काहीच नसेल, तर फाइल आतून बिघडल्याचा संशय घ्यावा. तिचे नाव बदलून ठेवावे, थंडरबर्ड नवी तयार करतो. जाते ती खिडक्यांची आणि रकान्यांची मांडणी. पत्रे आणि खाती सुरक्षित राहतात. फाइल थेट डिलीट मात्र करू नये.

आउटलुकमध्ये ठिकाणे वेगळी आहेत, पण विचार हाच. २०१०पासून रिबनमधले बदल ‘ऑफिसयूआय’ एक्स्टेन्शनच्या फाइलींत, एरवी लोकल अ‍ॅपडेटात साठतात. हे फोल्डर रोमिंग प्रोफाइलबरोबर फिरत नाही. त्यामुळे ज्या ऑफिसात माणूस रोज वेगळ्या मशीनवर बसतो, तिथे त्याची मांडणी त्याच्यामागून जात नाही. तिथे उपाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या पॉलिसीत शोधावा लागतो.

एवढ्याशा टूलबारसाठी इतका खटाटोप कशाला, असे काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या फोल्डरात ही फाइल अडते, तिथेच खात्यांची माहिती ठेवणारी ‘प्रेफ्स डॉट जेएस’ असते आणि एरवी पत्रांच्या फाइलीही असतात. डिस्क भरल्यामुळे आज टूलबार टिकला नसेल, तर उद्या नवी पत्रेच उतरणार नाहीत. फोल्डर कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड आधी नवी प्रत लिहितो, त्यालाही जागा लागते. टूलबारची तक्रार हा अनेकदा कस्टमरला दिसणारा पहिला इशारा असतो. तो री-इन्स्टॉल करून दाबून टाकणे ही सेवा नव्हे.

शिवाय आठ तास पत्रव्यवहार करणाऱ्या लिपिकाला ‘रिप्लाय’चे बटण नेहमीच्या जागी हवे असते. त्या हाताच्या सवयीला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तेव्हा वाचकांना विनंती अशी, की पुढच्या कॉलला जॉब शीटवर ‘री-इन्स्टॉल केले’ एवढेच लिहून थांबू नका. कोणती फाइल, कोणत्या फोल्डरात आणि कशामुळे अडली होती, हे लिहा. आणि ती शीट कस्टमरलाही वाचायला द्या.