मावळांतील सपाटीकरण आणि येणारा पाऊस

पुण्यामुंबईच्या सधन गृहस्थांस मावळांत आपलें एक टुमदार घर असावें असें वाटूं लागलें, यांत आम्हांस वावगें कांहींच दिसत नाहीं. कामशेत हें लोहमार्गावरचें गांव. जुना मुंबई-पुणें रस्ता त्याला लागूनच जातो. नाणे मावळ व पवन मावळ या दोन्ही खोऱ्यांची ही बाजारपेठ. अशा ठिकाणीं जमिनीस भाव यावा व नवीं घरें उठावीं हें स्वाभाविकच होय. आमची तक्रार घरांविषयीं नसून, घराचा पहिला दगड बसण्यापूर्वीं जमिनीची जी दशा करण्यांत येते तिजविषयीं आहे.

ज्यास जाहिरातींत 'तयार प्लॉट' म्हणतात तो तयार कसा होतो, हें घेणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं पाहिलेलें असतें. प्रथम जेसीबी येऊन करवंद, कारवी, घाणेरी असें सर्व रान एका सपाट्यांत मुळासकट ओढून काढतो. मग पोकलेन वरच्या अंगाचा डोंगर उभा कापतो, आणि निघालेला मुरूम खालच्या अंगास लोटून देतो. (पोकलेन हें मुळांत एका फ्रेंच कंपनीचें नांव; तें आतां मावळच्या खेड्याखेड्यांतून नांगराइतकें परिचयाचें झालें आहे.) वाटेंत एखादा ओढा आडवा आला, तर तो भरून काढण्यांत येतो, कारण उन्हाळ्यांत त्यास पाणी नसतें, आणि ज्यांत पाणी नाहीं तो ओढा कसला, असा मुकादमाचा बिनतोड सवाल असतो! हें सारें बहुधा चैत्र-वैशाखांत चालतें. जमीन कोरडी असते, यंत्र रुतत नाहीं, आणि मालकास पावसाळ्यापूर्वीं कुंपण घालून मोकळें व्हावयाचें असतें. परिणामीं डोंगराची उघडी जखम नेमकी मृगाच्या तोंडीं तयार होते.

आतां हा डोंगर आहे कशाचा तें पहावें. खालीं काळा कातळ, त्यावर मुरमाचा व मातीचा थर, आणि तो थर धरून ठेवणारीं झाडाझुडपांचीं मुळें, एवढाच त्याचा संसार. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. पूर्वेस कामशेतकडे येतां येतां त्याचें मान कमी होत जातें हें खरें. तथापि उताराचा पायथा कापलेला असेल, तर त्यास ढासळण्यापुरतें पाणी येथेंही भरपूर आहे. माती पाणी पिऊन जड होते. कातळांत तें सहज मुरत नाहीं, म्हणून माती व कातळ यांच्या सांध्यांत सांचूं लागतें. वरून भार, खालीं आधार काढलेला, आणि मध्यें पाण्यानें निसरडी झालेली फट! खालच्या अंगास टाकलेला सैल भराव तर पहिल्याच मोठ्या सरीबरोबर निघतो आणि पायथ्याच्या भातखाचरांत जाऊन बसतो. ज्या इंद्रायणी भाताचें वाण वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं दिलें, त्याच भाताच्या खाचरांत हा मुरूम येऊन पडतो, आणि तो काढण्याची मजुरी प्लॉटवाला देत नाहीं.

मावळांतील शेतकरी पूर्वीं जमीन साफ करीत नव्हता काय? करीत होता. तो ऐनाच्या फांद्या छाटी, शेण व पालापाचोळा पसरून राब भाजी, उतारावर दगडी ताली रचून पायऱ्यापायऱ्यांचीं खाचरें करी. इंग्रजी अमलांतील वनखात्यानें या राबावरून त्यास जंगलाचा वैरी ठरविलें होतें. पण तो फांदी तोडी, झाड ठेवी. आणि त्याची ताल फुगली कीं पुढच्या पावसाच्या आंत ती स्वतः बांधून काढी, कारण खालचें खाचर त्याचेंच किंवा त्याच्या भाऊबंदाचें असे. आजच्या प्लॉटच्या खालीं कोण राहतो, हें प्लॉटच्या मालकास बहुधा ठाऊकही नसतें.

कोणी म्हणेल, एवढा गहजब कशास? तर याच पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याचें माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगराखालीं गडप झालें व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, तें आठवावें. तेथें उतारावर शेतीसाठीं झालेल्या सपाटीकरणाचा वांटा किती व अतिवृष्टीचा किती, याविषयीं मतभेद झाले, आणि आम्ही त्यांत न्यायाधीश होऊं इच्छीत नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड आली, तेथें तर प्लॉट पाडण्यासाठीं कोणीं डोंगर कापलेला नव्हता. पण यावरून सपाटीकरण निर्दोष ठरतें असें ज्यांस वाटतें, त्यांचा तर्क आम्हांस कळत नाहीं. सह्याद्रीचा उतार कोणीं हात न लावतांही सुटतो. मग त्याचा पाया कापून त्यास आणखी सवड कां द्यावी?

येथें कायदा कोठें आहे, हा प्रश्न आमच्या वाचकांस सहजच पडेल. कायदे पुष्कळ आहेत. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचींत हिरडा, आंबा, जांभूळ, ऐन हीं झाडें आहेत, परंतु जिचीं मुळें उताराची माती जखडून ठेवतात ती कारवी नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम ४८ (७) आहे. त्यान्वयें विनापरवाना गौण खनिज काढल्यास बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होतो. भरावास व सपाटीकरणास वापरलेली साधी माती केंद्र सरकारनें ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेनें गौण खनिजांत घातली. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें निर्णय दिला कीं, खोदलेल्या मातीचा अंतीं कोणत्या कामीं उपयोग झाला हें पाहूनच आकारणी व्हावी. पायासाठीं खोदलेली माती त्याच प्लॉटवर पसरली, एवढ्यावरून दंड बसत नाहीं. शब्दार्थानें हा निर्णय योग्यच आहे. पण त्यांतून कायद्याची दृष्टि उघड होते. माती कोठें गेली व तिचें स्वामित्वधन किती, एवढेंच महसूल खातें विचारतें. माती निघाल्यावर डोंगराचें काय झालें, हें त्या कलमांत कोणी कोणास विचारीतच नाहीं. पाचास एक यापेक्षां तीव्र उतारावर बांधकामास मनाई करणारे नियम आहेत खरे, पण पोकलेननें एकदां उतार सपाट केला, कीं मोजणाऱ्यास उतार सांपडावा तरी कोठून?

या धंद्यावर कामशेतच्या पेठेंतील पुष्कळांचें पोट अवलंबून आहे, हें आम्ही जाणतों. सिमेंट, सळई, खडी, यंत्रांचें भाडें, मजुरांचा किराणा, हा सर्व व्यवहार येथूनच होतो. जमीन मालकाची, तिचें त्यानें हवें तें करावें, असाही एक युक्तिवाद ऐकूं येतो. शेजारच्या मुळशी पेट्यांत १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, तो आपली जमीन धरणाखालीं बुडूं नये म्हणून. तिच्यावरचा आपला हक्क ते सांगत होते. तिची माती दुसऱ्याच्या घरावर लोटण्याचा हक्क त्यांनीं मागितला नव्हता.

आमच्या मागण्या मोठ्या नाहींत. जमीन साफ करण्याचें काम दिवाळीनंतर सुरू व्हावें आणि शिमग्याच्या आंत आटपावें, म्हणजे कापलेल्या कडेस दगडी भिंत घालावयास व भरावावर वाळा किंवा गवत लावावयास वेळ मिळेल. भिंतीस पाणी निघण्याचीं भोकें असावींत. तीं नसलेली भिंत पहिल्या दोन पावसाळ्यांतच पोट काढते. सबंध प्लॉट एका पातळींत न आणतां घरापुरती जागा पायऱ्यांनीं घ्यावी, वरची काळी माती बाजूस राखून शेवटीं परत पसरावी, आणि ओढ्यास हात लावूं नये. उतार मोजावयाचा तो यंत्र येण्यापूर्वीं, आणि त्याचा नकाशा ग्रामपंचायतींत कोणासही पाहतां येईल असा ठेवावा. पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे बांधकामाच्या परवानगीचा अर्ज जाईल, तेव्हां हा नकाशा त्यास जोडलेला नसेल तर अर्ज परत पाठवावा. आणि जे प्लॉट घेणार आहेत त्यांनीं बयाणा देण्यापूर्वीं विकणाराकडे दोनच गोष्टी मागाव्या: सपाटीकरणाच्या आधींचा उताराचा नकाशा, आणि जागेवरून पूर्वीं वाहणारा ओढा आतां कोठून जातो, तें दाखवावयास एक माणूस.