पत्ता वाचता येणे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. सोयाबीन नुकतेच विकले होते. चुलत्यांच्या मोबाईलवर संदेश आला की शेती अवजारांचे अनुदान मंजूर झाले आहे, खालील पत्त्यावर माहिती भरावी. त्यांनी महाडीबीटीवर अर्ज खरोखरच केलेला होता. मोबाईल माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "बघ बरं बाबू, खरं हाय का हे?" मी पाहिले. सुरुवातीलाच महाडीबीटी, पुढे महाराष्ट्र, त्यापुढे गव्ह अशी इंग्रजी अक्षरे होती. मी म्हणालो, "खरं आहे, भरा." कार्डाचा क्रमांक मीच भरला, ओटीपीही मीच टाकला. पाच मिनिटांत खात्यातून नऊ हजार आठशे रुपये गेले. चुलते काही बोलले नाहीत. चुलती मात्र म्हणाली, "मग कालिजात शिकतोस तरी काय?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

मी इंग्रजी वाचतो. पण पत्ता कसा वाचायचा हे मला ठाऊक नव्हते. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी घर, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका आणि शेवटी जिल्हा असा क्रम असतो. पोस्टाचे काम शेवटाकडून सुरू होते. आधी जिल्हा परभणी, मग तालुका जिंतूर, मग गाव. इंटरनेटवरील पत्ताही असाच असतो. महाडीबीटीच्या खऱ्या पत्त्यात महाडीबीटी, महाराष्ट्र, गव्ह, इन असे चार शब्द टिंबांनी जोडलेले आहेत. त्यातील शेवटचा 'इन' हा देश. त्याच्या आधीचे 'गव्ह' म्हणजे सरकारी वस्ती. तेथे सरकारी संस्थेखेरीज कोणालाही जागा मिळत नाही. त्या वस्तीत महाराष्ट्र आणि महाराष्ट्राच्या घरात महाडीबीटी.

चुलत्यांना आलेल्या पत्त्यात 'गव्ह'च्या पुढे आणखी एक अर्थहीन शब्द होता आणि शेवटी 'डॉट टॉप' होते. म्हणजे परमुलखातील कोणी आपल्या घराच्या दारावर 'परभणी जिल्हाधिकारी कार्यालय' अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार. पाटीवर काय लिहावे हे घरमालकाच्या हाती असते. घर कोणत्या जिल्ह्यात आहे हे मात्र त्याला बदलता येत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मला पाठ होती. वाळा कोठे पाहायचा, एवढेच माहीत नव्हते.

या नावांमागची व्यवस्थाही आपण समजून घेतली पाहिजे. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावे माणसांच्या सोयीसाठी आहेत. आरंभी सर्व संगणकांची नावे व आकडे एकाच यादीत असत आणि ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले, तेव्हा एका दप्तराने भागेना. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था मांडली. तिलाच डीएनएस म्हणतात. आपण नाव टाकले की मोबाईल ते एका शोधक संगणकाला विचारतो. तो आधी मुळाशी विचारतो की 'इन'चे दप्तर कोणाकडे आहे. मग 'इन'ला विचारतो, मग 'गव्ह'ला, आणि शेवटी मिळालेला आकडा आपल्या हाती देतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते.

हा शोधक बहुधा मोबाईल कंपनीचाच असतो. परंतु तो बदलता येतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? २०१७ साली सुरू झालेली क्वाडनाइन नावाची ना-नफा सेवा आहे. तिच्याकडे फसव्या पत्त्यांच्या याद्या असतात आणि अशा पत्त्याची चौकशी आली तर ती आकडा सांगतच नाही. वाट विचारणाऱ्याला जाणत्या माणसाने "तिकडे जाऊ नको" म्हणावे, तसे. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून पुढच्या मोबाईलमध्ये, सेटिंगमधील नेटवर्कच्या भागात 'प्रायव्हेट डीएनएस' अशी जागा असते. तेथे आकडे चालत नाहीत, नाव लागते. इंग्रजी अक्षरांत डीएनएस, टिंब, क्वाड व त्याला जोडून ९ हा आकडा, टिंब, नेट. नावात एक अक्षर चुकले तर नेट बंद पडते. घाबरू नये, अक्षर दुरुस्त करावे. राऊटरवर मात्र ९.९.९.९ असे आकडेच घालतात आणि मग त्यावरील सर्व यंत्रांना ते लागू होते.

हा काही मंत्र नव्हे. सकाळी नवा पत्ता विकत घेऊन दुपारी फसवणारे लोक आहेत; यादीत नाव येईपर्यंत त्यांचे काम झालेले असते. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाईल किंवा पोलीस असल्याचा आव आणणारा फोन याने थांबत नाही. शिवाय आपण काय काय विचारतो ते मोबाईल कंपनीऐवजी परक्या संस्थेला कळते, हाही विचार करायला हवा. पत्त्याआधी एचटीटीपीएस आहे म्हणून निर्धास्त होणेही चूक. वाटेत कोणी ऐकत नाही एवढीच ती हमी. पलीकडे बसलेला सज्जन आहे, याची नव्हे.

वर्गात एकदा असा सूर निघाला की लोभ सुटतो म्हणून माणूस फसतो. मला हे मान्य नाही. अनुदानाची वाट पाहणे हा लोभ नव्हे. शिष्यवृत्तीची वाट आपणही पाहतोच. जेथे आपला हक्क अडकलेला असतो, नेमके तेथेच फसवणारा उभा राहतो. त्यातून पत्ता इंग्रजीत. देवनागरीत 'डॉट भारत' हे नाव २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. पण त्यात लिहिलेला पत्ता मी अजून आमच्या गावात कोणाच्या मोबाईलवर पाहिलेला नाही. ज्या लिपीत माणसाला घराची पाटी वाचता येत नाही, त्या लिपीत त्याने खरेखोटे ओळखावे, आणि चुकला तर त्यालाच अडाणी म्हणावे, हा कोणता न्याय?

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तेथे जावे असे सांगितले. योजना चांगली आहे. पण पत्त्याचा शेवट पाहायचा असतो हेच ज्याला कोणी शिकवले नाही, त्याला या नव्या शेवटाचा उपयोग काय?

म्हणून आपल्या महाविद्यालयाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, संगणक कक्षाच्या राऊटरवर असा गाळणारा शोधक बसवावा. त्याला खर्च नाही. दुसरी, वर्गाच्या व्हॉट्सअॅप समूहावर नुसत्या निळ्या ओळी पाठवणे थांबवावे. परीक्षा अर्जाचा व शिष्यवृत्तीचा पूर्ण पत्ता सूचना फलकावर लिहावा आणि आम्हाला तो स्वतःच्या हाताने टाकू द्यावा. न पाहता बोट ठेवण्याची सवय आम्हाला कोठे लागते, याचा विचार गुरुजनांनीही करावा. तिसरी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो तसे एक संध्याकाळ गावात बसून लोकांना पत्ता उजवीकडून वाचायला शिकवावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचे असते, हेही सांगावे. आम्ही दोन दिवसांनी कळवले. तोपर्यंत पैसे पुढे निघून गेले होते.

पूर्वी गावात शिकलेला एखादाच असे आणि सारे गाव त्याच्याकडे पत्र वाचून घेण्यासाठी येई. आज आपल्यापैकी बहुतेक जण आपापल्या घरात तो माणूस आहेत. लोक मोबाईल आपल्यापुढे धरतात आणि आपण "खरं" म्हणालो की डोळे मिटून पुढे जातात. तेव्हा हो म्हणण्याआधी आपल्याला वाचता आले पाहिजे. चुलतीच्या प्रश्नाला आज मी एवढेच सांगू शकतो: काकू, आता पत्ता वाचायला शिकलो आहे. फी मात्र चुलत्यांनी भरली.