सॉफ्टवेअर शिकलात, पण घराचा नकाशा कोण शिकवणार?

तालुक्याच्या कुठल्याही गावात जा. बसस्टँडच्या आसपास एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'ऑटोकॅड शिका, नोकरी मिळवा' असा फलक हमखास दिसेल. दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या, पुढच्या शिक्षणाला पैसा नसलेल्या आपल्या मुलामुलींना हा फलक खुणावतो. आई-बाप मजुरीच्या पैशातून हजारो रुपयांची फी भरतात. दोन-तीन महिन्यांत हातात सर्टिफिकेट येते. मग वस्तीतला कुणी काका म्हणतो, "बाळा, आमचं घरकुल मंजूर झालंय, तेवढा नकाशा काढून दे." आणि सर्टिफिकेटवाला मुलगा खाली मान घालतो.

त्याला रेघ काढता येते, कापता येते, तिची नक्कल करता येते. पण भिंत किती जाडीची धरायची, संडासाचे दार कुणीकडे उघडायचे, जिन्याला किती जागा सोडायची, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. दोष मुलाचा नाही. त्याला अवजार हाताळायला शिकवले, काम शिकवले नाही. सुतारकामाच्या नावाखाली नुसता रंधा हातात द्यावा आणि चौकट कशी करतात ते सांगूच नये, तसला हा प्रकार आहे.

ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले. त्याआधी नकाशे ड्रॉइंग बोर्डावर, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर घेऊन काढले जात. नवा आरेखक जुन्या आरेखकाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे शिकत असे. चुकले की साहेब लाल पेन्सिलीने खूण करी आणि पोरगा पुन्हा काढी. आयटीआयमध्ये आजही आरेखक (स्थापत्य) हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. कॉम्प्युटरने हाताचे कष्ट वाचवले, हे खरे. पण डोक्याचे काम होते तेवढेच राहिले. दोन वर्षांचे ते काम दोन महिन्यांच्या क्लासमध्ये कसे मावेल? आणि शेजारी बसून लाल खूण करणारा तो जाणता माणूसच या नव्या व्यवस्थेतून गायब झाला, त्याचे काय?

याचा फटका कुठे बसतो ते एका साध्या उदाहरणावरून पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली, तेव्हा घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरवण्यात आले. समजा, एखाद्याने बाहेरून बाहेर २० फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद असे घर धरले. क्षेत्र झाले २७० चौरस फूट. क्लासमधून आलेला मुलगा चार रेघा काढतो आणि २७० फुटांत खोल्या पाडू लागतो. पण आपली बाहेरची भिंत विटेची, नऊ इंची. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आतली लांबी उरते साडेअठरा फूट, रुंदी १२ फूट. आतले क्षेत्र २२२ चौरस फूट. म्हणजे तब्बल ४८ चौरस फूट जागा भिंतीतच गेली! प्लॅस्टर आणि मधली साडेचार इंची भिंत अजून मोजलेलीच नाही. भिंत एका रेघेची नसते, दोन रेघांची असते, एवढी एक गोष्ट न सांगितल्यामुळे गरिबाच्या घरातली बाथरूमएवढी जागा कागदावर असते आणि प्रत्यक्षात नसते.

आता त्या २२२ फुटांत काय बसते ते पाहा. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावी. स्वयंपाकघर ५ चौरस मीटर, म्हणजे ५४ फूट. न्हाणी आणि संडास एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० फूट. बेरीज झाली १८६. म्हणजे नीट आखले तर छोट्या घरातही माणसासारखे राहता येते. तीच संहिता सांगते, की दारे सोडून खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या एक दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश हवे. विदर्भ-मराठवाड्यात १०२ फुटांच्या खोलीला चार बाय तीनची एक खिडकी पुरेल. कोकणात तेवढ्याने भागणार नाही, १७ फुटांची सोय लागेल. हे आकडे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. ते माहीत असलेला माणूस लागतो.

जिन्याचे तेच. सॉफ्टवेअरमध्ये तयार जिना मिळतो. उचलला आणि कोपऱ्यात ठेवला, की चित्र छान दिसते. पण संहितेप्रमाणे घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेसात इंचांपेक्षा जास्त नसावी आणि पाय ठेवायची रुंदी २५० मिलिमीटर, म्हणजे १० इंच तरी असावी. मजल्याची उंची १० फूट असेल तर १६ चढ येतात, त्यांच्यामध्ये १५ पायऱ्या. सरळ जिन्याला साडेबारा फूट लांबी हवी, शिवाय वर-खाली उभे राहायला जागा. नकाशात आठच फूट सोडले असतील तर साईटवर गवंडी काय करणार? पायऱ्या उंच आणि अरुंद करणार. मग म्हातारी आई गच्चीवर कधी जाऊच शकत नाही आणि पावसाळ्यात एखादे लेकरू घसरून पडते. नकाशातली चूक अशी अंगावर येते.

आता खरा प्रश्न. ही मदत मिळणार कुठून? ती आपल्याच वस्तीत आहे, पण तीन ठिकाणी विखुरलेली आहे, असे मला ठामपणे म्हणायचे आहे.

पहिला माणूस गवंडी. आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बांधकामावर जातात. विटा वाहिल्या, माल कालवला, भिंती रचल्या, सेंट्रिंग बांधले. शहरातल्या इमारती आपल्या बापाने, आईने डोक्यावरून घमेली वाहून उभ्या केल्या. पण नकाशाचा कागद नेहमी दुसऱ्याच्या हातात राहिला. साईटवर इंजिनीअरने कागद उलगडायचा आणि मिस्त्रीने सांगेल तसे करायचे. वास्तविक, गुण्यात चूक राहिली तर भिंत कुठे फुटते, चौकटीसाठी किती फट सोडावी लागते, पाण्याचा उतार किती हवा, हे त्या मिस्त्रीइतके कुणाला कळते? हे ज्ञान कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही. ते घरातच, संध्याकाळी दमून खाटेवर बसलेल्या बापाजवळ असते. मुलगा मात्र कॉम्प्युटर शिकला म्हणून त्याला काही विचारत नाही, आणि बाप अडाणी म्हणवून घेत गप्प राहतो. ही दरी आधी बुजली पाहिजे.

दुसरा माणूस, किंबहुना दुसरी व्यक्ती म्हणजे घरातली बाई. ओटा कुठे हवा, धूर कुठून जावा, पिण्याचे पाणी कुठे ठेवायचे, भांडी घासलेले पाणी कुठे जाते, आल्यागेल्यासमोरून न जाता न्हाणीत कसे जायचे, हे तिला विचारल्याशिवाय काढलेला नकाशा अर्धाच. घराचा सर्वात जास्त वापर करणाऱ्या व्यक्तीला घराच्या आखणीत मत नसावे, ही कुठली रीत?

तिसरा माणूस शिकलेला अभियंता. सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, जिल्हा परिषद, महापालिका अशा खात्यांतून नोकरी करून निवृत्त झालेले कितीतरी अभियंते आज आपल्या समाजात आहेत. नियम त्यांना तोंडपाठ आहेत. महाराष्ट्रात मुंबई आणि काही अपवाद सोडता डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर साधे घर बांधणाऱ्याचे परवान्यासाठीचे हेलपाटे तिने बरेच कमी केले. पण म्हणून नकाशा नको असे नव्हे; परवानाधारक व्यक्तीने तयार केलेला नकाशा आणि कागदपत्रे द्यावीच लागतात. अनेक महापालिकांत तर नकाशाची फाईलच सॉफ्टवेअरकडून तपासली जाते आणि हद्द, भिंत, दार, खिडकी ठरवून दिलेल्या लेयरमध्ये नसेल तर ती परत येते. हे कुणीतरी समोर बसून दाखवावे लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सॉफ्टवेअर येते म्हणून कुणी वास्तुविशारद होत नाही. ती उपाधी १९७२ च्या अधिनियमाने नोंदणीकृत व्यक्तींनाच दिलेली आहे. कॉलम-बीम किती जाडीचे, सळई किती, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरचे काम. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. ते महाराष्ट्राने विसरता कामा नये. स्क्रीनवर सुंदर दिसणारे घर उभे राहील की नाही, हे स्क्रीन सांगत नाही. आपल्या मुलांनी आरेखक म्हणून प्रामाणिकपणे काम करावे आणि सही ज्याची त्याला करू द्यावी. यात कमीपणा काही नाही.

सॉफ्टवेअरच्या किमतीचाही विचार करू. २०१६ पासून ऑटोकॅड नव्याने कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीचे पैसे भरून वापरावे लागते. मान्यताप्राप्त संस्थेतल्या विद्यार्थ्यांना ते विनामूल्य मिळते, हे पुष्कळांना माहीत नसते. पण कोर्स संपला की पुढे काय? चोरीच्या प्रतीवर धंदा उभा करता येत नाही. म्हणून फुकट आणि कायदेशीर पर्याय माहीत हवेत. साध्या रेषांच्या नकाशासाठी लिब्रेकॅड आहे. खोल्या, भिंती, सामान मांडून घरच्या माणसांना दाखवण्यासाठी स्वीट होम थ्रीडी आहे. पुढे जायचे असेल त्याच्यासाठी फ्रीकॅड आहे, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाईलशी देवाणघेवाण करताना यात अडचणी येतात, म्हणून डीएक्सएफ स्वरूपात फाईल मागून घ्यावी.

दोन खाचखळगे इथेच सांगतो. एक, एककाचा. मिलिमीटरच्या फाईलमध्ये फुटाचा आकडा टाकला की २० फुटांचे घर २० मिलिमीटरचे, म्हणजे काडेपेटीहून लहान होते. दुसरा, प्रिंटचा. सॉफ्टवेअरमध्ये घर खऱ्या मापाचे काढायचे असते आणि प्रमाण छापताना लावायचे असते. १:१०० च्या नकाशात ३ मीटरची खोली कागदावर ३ सेंटिमीटर भरली पाहिजे. पण झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेपर' चालू असते, नकाशा कागदापुरता आक्रसतो आणि सारे प्रमाण बिघडते. दुकानातून निघण्याआधी पट्टी लावून पाहा.

कुणी म्हणेल, आता तर एआयला सांगितले की नकाशा तयार. होय, चित्र तयार होते. पण शेजाऱ्याची भिंत कुठे आहे, नाल्याचे पाणी कुठून येते, जागा मागच्या बाजूला किती तिरपी आहे, हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी टेप घेऊन जागेवर जावेच लागते, चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजावेच लागतात. कर्ण जुळले नाहीत तर जागा काटकोनात नाही, हे गवंडी डोळे मिटून सांगेल.

मग करायचे काय? आपल्या वस्त्यांत विहारे आहेत, वाचनालये आहेत, अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेची पुस्तके तिथे आली, ही चांगली गोष्ट झाली. आता तिथल्या एका टेबलावर एक जुना का होईना, कॉम्प्युटर ठेवा. दर रविवारी दोन तास एक निवृत्त अभियंता, एक जाणता मिस्त्री आणि सॉफ्टवेअर शिकलेली मुले-मुली तिथे बसू द्या. घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबाने आठ-अ चा उतारा आणि जागेची मापे घेऊन यावे. नवरा-बायको दोघांनीही यावे. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' नावाने वेगवेगळ्या भागांतल्या हवामानाला साजेशा ग्रामीण घरांच्या नमुन्यांचे संकलन केले आहे, ते तिथे ठेवावे. रमाई आवास योजनेच्या घरांनाही ते उपयोगी पडेल. शिकणाऱ्याने सुरुवात स्वतःच्या राहत्या घरापासून करावी. ते मोजावे, काढावे, छापावे आणि तो कागद मिस्त्रीच्या हातात देऊन विचारावे, यावरून हे घर बांधता येईल का? त्याने ज्या ज्या ठिकाणी बोट ठेवले, तेवढे ज्ञान पक्के झाले.

असे १० नकाशे काढलेल्या मुलीला एखाद्या अभियंत्याच्या ऑफिसात कामासाठी उभे राहताना नुसते सर्टिफिकेट दाखवावे लागणार नाही. ती आपले नकाशे टेबलावर ठेवील. आणि ज्या कुटुंबाला आयुष्यात एकदाच घर बांधायचे आहे, त्याचे ४८ फूट कागदावरच हरवणार नाहीत. यासाठी अनुदान लागत नाही, मोर्चा लागत नाही. निवृत्त अभियंत्यांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत, मिस्त्रींनी संकोच सोडावा आणि तरुणांनी बापाशेजारी बसून विचारायला शिकावे. दुसऱ्यांच्या इमारती आपण पुष्कळ बांधल्या. आता आपल्या घराचा नकाशा आपल्या हाताने काढूया.