विजेत्यांच्या यादींतील दोन रिकाम्या ओळी

खेळांत हार-जीत चालावयाचीच, असें आपण सारेच म्हणतों; परंतु मैदानावरून घरीं आलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न विचारतों तो "कसा खेळलास?" हा नसून "कोण जिंकलें?" हा असतो. ह्या एका प्रश्नावरूनच मुलाला कळून चुकतें कीं, वडील माणसें तोंडानें कांहींही म्हणोत, खरें मोल जिंकण्याचेंच आहे. ही समजूत माणसास कोठवर नेते, ह्याचें एक उदाहरण वाचकांपुढें ठेवावें, एवढ्याकरितां हा लेख.

अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या पुरुष-संघांसाठीं नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १९७० सालापासून राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धा भरवीत आली आहे. पहिल्या वर्षीं लॉस एंजलिस येथील यू. सी. एल. ए. ह्या विद्यापीठाचा संघ विजयी झाला. आणि पुढें २००६ पर्यंत अल स्केट्स ह्या एकाच शिक्षकाच्या हाताखालीं त्यानें एकंदर १९ वेळां विजेतेपद मिळविलें. १९९३ पर्यंत हा मान कॅलिफोर्नियाच्या बाहेर गेलाच नव्हता. १९९४ सालीं पेन स्टेट विद्यापीठानें तो प्रथम बाहेर नेला. असा हा मान अमेरिकेंतील खेळाडूंस किती दुर्लभ वाटत असेल, ह्याची कल्पना वाचकांस सहज येईल.

आतां ह्या विजेत्यांच्या यादींत २००२ सालीं काय आहे तें पाहूं. त्या वर्षीं हवाई विद्यापीठानें पेपरडाइन विद्यापीठाचा पराभव केला. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे २००३ सालीं, इलिनॉय प्रांतांतील ल्यूइस विद्यापीठानें ब्रिगम यंग विद्यापीठास हरविलें. दोन्ही वेळां जयघोष झाला. परंतु नियमाप्रमाणें खेळण्यास जो पात्र नव्हता, अशाला संघांत घेतल्याचें मागाहून उघडकीस आलें, आणि दोन्ही विजेतेपदें रद्द करण्यांत आलीं. तीं उपविजेत्यांस मिळालीं असेंही नाहीं. त्या दोन ओळी रिकाम्याच राहिल्या. २०२० सालचीही ओळ रिकामी आहे; पण त्या वर्षीं कोरोनाच्या साथीमुळें स्पर्धाच झाली नाहीं. त्या रिकामपणाची लाज कोणासही वाटण्याचें कारण नाहीं. इतर दोन ओळींचें मात्र तसें नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, "अपात्र होता तो एखादा, बाकीच्या खेळाडूंनीं घाम गाळला, त्यांचा काय अपराध?" हा आक्षेप पोकळ नाहीं. ज्या मुलाला कशाचीच वार्ता नव्हती, त्याचें दुःख खरें आहे, आणि त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. तरीही विजय रद्द झाला हेंच योग्य झालें, असें मला वाटतें. आणि त्याचें कारण ह्या खेळाच्या घडणींतच आहे. व्हॉलीबॉलमध्यें चेंडू झेलतां येत नाहीं, धरून ठेवतां येत नाहीं, आणि एका खेळाडूनें चेंडू मारल्यावर लागलीच पुनः त्यालाच तो मारतां येत नाहीं. एकानें उचलावा, दुसऱ्यानें चढवून द्यावा, तिसऱ्यानें मारावा. सहाही जणांस आळीपाळीनें जागा बदलाव्या लागतात. अशा खेळांत "हा गुण माझा" असें कोणासच म्हणतां येत नाहीं. मग जो विजय वांटून घेतला, त्यांतील खोटही वांटूनच घ्यावी लागते. शिवाय समोरच्या बाजूसही सहा जण उभे होते, आणि त्यांनींही घाम गाळलाच होता.

हा खेळ निघाला तो ईर्ष्येसाठीं नव्हे. १८९५ सालीं मॅसॅच्युसेट्समधील होल्योक येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या व्यायामशाळेंत विल्यम मॉर्गन ह्यांनीं तो बसविला; बास्केटबॉलची धांवपळ ज्यांस झेपत नसे, अशा प्रौढ गृहस्थांस निरोगी करमणूक मिळावी, हा त्यांचा हेतु. माणूस घडविण्याकरितां जो खेळ निघाला, तोच माणूस बिघडविण्यास कारण व्हावा, ह्याहून खेदाची गोष्ट कोणती?

परंतु दूरच्या लोकांचे दोष मोजीत बसणें सोपें असतें. माझ्या शाळकरी वयांत आमच्या संघांत एक मुलगा जन्मतारीख बदलून खेळला. आम्हां सर्वांस तें ठाऊक होतें, आणि आम्ही सर्वच गप्प राहिलों. आम्हांस ढाल मिळाली. तिच्याबरोबर काढलेलें छायाचित्र अजून माझ्या घरीं आहे; तें मीं भिंतीवर कधीं लावलें नाहीं. आमचें विजेतेपद कोणी रद्द केलें नाहीं, आणि मला वाटतें, हीच आमची खरी शिक्षा.

म्हणून पालकांस विनंती अशी कीं, एखाद्या सामन्यासाठीं मुलाचें वय दोन वर्षांनीं कमी लिहून देण्याचा मोह त्यांनीं आवरावा. त्या कागदावरील खोटा आंकडा मुलगा वाचतो, आणि वडिलांविषयींचा त्याचा आदर तेवढ्यानें उणा होतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमची परीक्षा ह्याहून लहान प्रसंगीं होणार आहे. जाळ्यापाशीं उडी घेऊन तुम्ही प्रतिपक्षाचा चेंडू अडवावयास जाल. तो तुमच्या बोटांस निसटता लागून बाहेर जाईल. पंचाला दिसणार नाहीं; तो तुमच्या बाजूनें निकाल देईल. लागला कीं नाहीं, हें त्या क्षणीं जगांत तुम्हां एकट्यालाच ठाऊक असेल. तेव्हां हात वर करून "लागला" असें म्हणावयास विसरूं नका. एक गुण जाईल. कदाचित् सामनाही जाईल.

हवाई विद्यापीठाच्या संघास पुढें कित्येक वर्षें वाट पाहावी लागली. २०२१ सालीं त्यानें ब्रिगम यंग विद्यापीठाचा अंतिम सामन्यांत सरळ पराभव करून विजेतेपद मिळविलें, आणि २०२२ सालीं तें राखलें. त्या दोन ओळी भरलेल्या आहेत. गेलेली पत १९ वर्षांनीं कां होईना, पण प्रामाणिक खेळानें परत मिळवितां येते, हें त्यांवरून दिसतें. आपल्या शाळेच्या कपाटांत ढाली थोड्या असल्या तरी चालतील. त्यांपैकीं प्रत्येकीकडे मान वर करून पाहतां आलें पाहिजे.