संगणकांचें एकत्र कुटुंब

अक्कलकुव्याच्या बाजारांत घटकाभर उभें राहिलें, तर चार-पांच बोली कानीं पडतात. सातपुड्यावरून उतरलेला भिल्ल वा पावरा आपल्या बोलींत बोलतो, सीमेपलीकडचा व्यापारी गुजराथींत, दुकानदार मराठींत. तरी सौदा अडत नाहीं. व्यवहारापुरती एक मधली बोली सर्वांनीं मानलेली असते. तेथील एका वृद्ध स्नेह्यांकडे गेलों असतां हें मर्म विशेषच पटलें.

घरचे त्यांस काका म्हणतात. हिशेबलेखनाचें त्यांचें लहानसें कार्यालय घरांतच आहे. काकांचा जुना विंडोज एक्सपीचा संगणक, पुतण्याचा लिनक्सवर चालणारा आणि सूनबाईंचा मॅक, असे तिघे एकाच खोलींत नांदत. परंतु परस्परांशीं अबोला! कागद पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे जात. या येरझारांत एकदां दुरुस्त प्रतीऐवजीं जुनीच प्रत धाडली गेली व मोलगीकडील एका शेतकऱ्याचा अर्ज परत आला. बिचाऱ्यास पुन्हा घाट उतरून यावें लागलें. काका म्हणाले, "चूक आमची, आणि पायपीट मात्र त्याची!"

तारा एका स्विचास जोडणें सोपें. राउटर प्रत्येक यंत्रास पत्ता देतो. पत्रव्यवहाराची रीत, म्हणजे टीसीपी-आयपी, हिची मांडणी व्हिंट सर्फ व बॉब कान यांनीं 1974 सालीं केली. ती तिन्ही यंत्रांस ठाऊक असते. परंतु पत्ता कळला म्हणजे कपाट उघडतें असें नाहीं. फाइली वाटून घेण्याची बोली निराळी. तिचें नांव एसएमबी. विंडोजची ती घरचीच. लिनक्सला ती 'सांबा'मुळें येते. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनीं 1992 सालीं, तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून, तिचा उलगडा केला. मॅकनेंहि 2013 पासून तीच पुढें केली.

अडलें तें काकांच्या यंत्रापाशीं. त्यास एसएमबीची केवळ पहिली आवृत्ति अवगत. मे 2017 मध्यें 'वॉनाक्राय' या उपद्रवानें तिच्याच छिद्रांतून जगभर धुमाकूळ घातला. म्हणून नव्या यंत्रांत ती सहसा बंद असते. पुतण्या ती उघडूं लागला, तोंच सूनबाई म्हणाल्या, "भावोजी, एका जुन्या कडीसाठीं सारा वाडा उघडा टाकूं नका." अखेर लिनक्सच्या यंत्रावर सामाईक कपाट केलें, प्रत्येकास स्वतंत्र नांव व परवलीचा शब्द दिला. काकांचें दप्तर त्यांत उतरवून त्यांचें यंत्र जाळ्याबाहेर ठेविलें, आणि काकांस नवें यंत्र आणलें. काका क्षणभर खिन्न झाले, पण त्यांनीं हट्ट धरला नाहीं.

तरी एक गांठ उरली. काकांचीं मराठी पत्रें मॅकवर रोमन अक्षरांचा काला दिसूं लागलीं! जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेल्या असत. तो फाँट नसला कीं मूळ रोमन उघडें पडतें. युनिकोडनें 1991 मध्यें देवनागरी वर्णांस स्वतःचे क्रमांक दिले. पत्रें त्यांत पालटून घेतलीं, तेव्हां कोठें तीं सर्वांस वाचतां आलीं. सामाईक कपाटाची एक प्रत दर आठवड्यास निराळी ठेवण्याचें काम सूनबाईंनीं पत्करलें. वाचकांनींहि यांत आळस करूं नये.

एकत्र कुटुंबांत सर्वांनीं एकसारखें व्हावें लागत नाहीं. बोलण्याची एक रीत, आणि कोठीची किल्ली कोणाकडे, एवढें ठरलें म्हणजे पुरे. मोलगीचा तो शेतकरी पुढल्या खेपेस आला, तेव्हां तिघांनीं एकाच प्रतीवर काम केलें, आणि तो दिवस मावळण्यापूर्वींच घाटाकडे परतला.