‘नाही’ म्हणणाऱ्याशी बोलताना

1857 सालच्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे एक वाद रंगत होता. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे मूळचे विष्णु भिकाजी गोखले. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी, आणि भोवती ऐकायला जमलेली गर्दी. अमेरिकन मिशनकडून आलेल्या जॉर्ज बोवेन यांनी त्याचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी छापला. मराठी ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ 1872 मध्ये निघाला, तोवर बावा हयात नव्हते.

कोणी कोणाला पटवले? कोणीच नाही. बावा ख्रिस्ती झाले नाहीत आणि बोवेनही बावांचे शिष्य झाले नाहीत. तरी मराठी ख्रिस्ती इतिहासातला हा मला सर्वांत निरोगी प्रसंग वाटतो. वाळूवर उभ्या असलेल्या कोणालाही ‘तुमचं मला पटत नाही’ असे म्हणून घरी जाता येत होते. त्यामुळे त्याच्या ताटातली भाकरी कमी होणार नव्हती, की डोक्यावरचे छप्पर जाणार नव्हते. वादातली भाषा काही गोड नव्हती. त्याआधी पंचवीस वर्षे जॉन विल्सन यांनी मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून लिहिलेल्या पुस्तकाच्या इंग्रजी शीर्षकातच हिंदू धर्म ‘उघडा पाडण्याची’ भाषा होती, आणि तो तोरा पुढेही टिकला. आमच्या लोकांच्या त्या तोऱ्याचे समर्थन करण्याची मला हौस नाही. पण भाषा कडू असली तरी ऐकणारा मोकळा होता, एवढे त्या किनाऱ्याच्या बाजूने सांगावे लागेल.

ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा कशी बोलावी, यावर चर्चमध्ये पुष्कळ उपदेश ऐकला. सौम्य बोला, हसतमुख राहा, वाद टाळा. हे सगळे ठीक आहे, पण अपुरे आहे. माझ्या मते विचारपूर्वक बोलण्याची खरी कसोटी शब्दांच्या गोडव्यात नसते. समोरच्याला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येते का, आणि त्याने तसे म्हटल्यावर आपण त्याच्याशी आधीसारखेच वागतो का, एवढेच पाहावे. देवावर भरवसा असेल तर ते ‘नाही’ सोसते, कारण पटवण्याचे काम आपल्या एकट्याच्या खांद्यावर नसते. आणि जे आपल्याला कृपेने, फुकट मिळाले, ते न घेणाऱ्यावर रागावण्याचा हक्क आपल्याला आला कुठून?

मार्काच्या शुभवर्तमानातला तो श्रीमंत माणूस आठवा. येशू त्याला सगळे विकून मागे यायला सांगतो. तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, अट सैल करत नाही, पाठीमागून शिव्याशापही देत नाही. त्याला उत्तर देताना येशूच्या मनात त्याच्याविषयी प्रेम होते, असे मार्क मुद्दाम नोंदवतो. प्रवचनांत या गोष्टीवरून पैशाविषयी बोलतात. त्याला जाऊ दिले गेले, यावर फारसे कोणी बोलत नाही.

आमच्या नगरकडे श्रद्धा सांगणे आणि ‘नाही’ सोसणे, हे सगळे घराघरात घडून गेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक राजनांदगावच्या प्रवासात असताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त हे सांगितले आहे. तो माणूस पुढे कधी भेटला नाही. टिळकांवर त्याचा ना उपकार होता, ना धाक. वाचायचे की डब्याच्या खिडकीतून भिरकावायचे, हे टिळकांच्या हाती होते. त्यांनी वाचले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरची पाच वर्षे मला बाप्तिस्म्याहून मोठी वाटतात. लक्ष्मीबाई नवऱ्याबरोबर गेल्या नाहीत. त्या काळी नवऱ्याने धर्म बदलला की बायकोने एकतर मुकाट मागे जायचे किंवा कायमचे तोंड फिरवायचे. त्यांनी दोन्ही केले नाही. रडल्या, रागावल्या, भांडल्या. नगरला आल्यावरही आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे, असे स्वतःच्याच विचाराने त्यांच्या मनाने घेतले आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक स्वभावाने शांत होते असे कोणी म्हणणार नाही. संतापी, लहरी, हातातला पैसा वाटून टाकणारे असे ते गृहस्थ. पण या एका बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. म्हणूनच 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर लक्ष्मीबाई इतक्या मोकळेपणी हसू शकतात, असे मला वाटते. दबावाखाली धर्म बदललेली बाई तसे हसली नसती.

आपल्याला इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना दुसरे उदाहरण गाडीने जाऊन पाहण्याइतके जवळ आहे. ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला वॉन्टेज नावाचे गाव आहे. तिथल्या सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात पंडिता रमाबाई 1883 साली आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला दोघींचा बाप्तिस्मा झाला. मग रमाबाईंनी काय केले? वाद. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणाल्या. अँग्लिकन चर्चच्या अधिकाराला प्रश्न केला. मांसमच्छी खाणार नाही म्हणाल्या. मुलीला काय शिकवायचे हे मी ठरवीन, असे बजावले. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्मातल्या आई. त्यांना यात गर्व दिसला, आणि तसे त्यांनी लिहिलेही. रमाबाईंनी उलट टपाली उत्तर दिले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीही त्यांची अशीच खडाजंगी चाले.

आश्रय ज्यांनी दिला त्यांनाच नकार देत होती ही बाई. आणि ज्यांना नकार मिळाला त्यांनी पत्रव्यवहार तोडला नाही. ती सगळी पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनी स्वतः जपली आणि संकलित केली. त्यात त्यांचे स्वतःचे फटकारेही जसेच्या तसे आहेत. 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपाने आली. मराठी ख्रिस्ती वाचकाने एखादे भक्तिपुस्तक बाजूला ठेवून ती वाचावीत, अशी माझी भलावण आहे. प्रेम असलेली दोन माणसे एकमेकांना किती टोचून लिहू शकतात, आणि तरी नाते मोडत नाही, हे त्यात दिसते.

याच रमाबाईंच्या बाबतीत पुढचा प्रश्न मात्र अवघड होतो. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. विधवांसाठी शाळा आणि घर. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, धोरण धर्माबाबत तटस्थ, सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. 1893 मध्ये गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोडपले, सल्लागारांनी राजीनामे दिले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंची बाजू सरळ होती: मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझ्या देवाशी बोलायला मी दार का लावू? हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. बारा-चौदा वर्षांची केस काढलेली मुलगी, घरच्यांना नकोशी. तिला जेवू घालणारी, तिला पहिल्यांदा ‘बाळ’ म्हणणारी बाई ज्या दारात गुडघे टेकून बसली आहे, ते दार उघडे असले तर तिला तिथे न जाण्याची मोकळीक कितपत उरते? बोलणारीचा हेतू निर्मळ असला तरी ऐकणारीच्या पायाखाली जमीन लागते.

पण उरलेले अर्धे रमाबाईंच्या बाजूने आहे, आणि टीकाकार ते सोयीने विसरतात. सदनातल्या पहिल्या मुलींपैकी गोदूबाई ही विधवा तिथे शिकली, हिंदूच राहिली, आणि 1893 मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई, आपल्या सर्वांच्या बाया कर्वे, झाली. म्हणजे ‘नाही’ म्हणता येत होते, निदान काहींना. आणि कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला. ज्या पालकांना ख्रिस्ती संस्थेची धास्ती होती त्यांना त्यामुळे दुसरे दार मिळाले. शारदा सदनावरच्या टीकेचे सर्वांत चांगले फळ ते होते, असे मी ख्रिस्ती असून म्हणतो. अग्रलेखांनी विधवांची सोय झाली नाही, कर्व्यांच्या आश्रमाने झाली. एकच दार असले की आत जाणाऱ्याच्या मनाचा थांग लागत नाही. दोन असली की लागतो.

मग दुष्काळ आले, 1896-97 चा आणि लगेच 1899-1900 चा. रमाबाईंनी शेकडो मुली उचलून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, जगवल्या. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला ‘तांदळाच्या पोत्यावर बाटलेले’ म्हणणारे संदेश फिरतात, त्याची मुळे या काळात आहेत. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या एका गटावरही असा एक संदेश आला होता. पाठवणाऱ्याने वाचलाही नसावा. असले संदेश लोक जांभईसारखे पुढे ढकलतात.

त्याला उत्तर काय द्यावे? गप्प बसावे हा आमच्यातल्या ज्येष्ठांचा सल्ला. परदेशात येऊन कशाला वाकड्यात शिरायचे. हे गप्प बसणे सौजन्य म्हणून खपते, पण त्यात समोरच्यावर विश्वास नसतो. तो ऐकून घेईल, बदलेल, निदान शरमेल, असे आपण मानतच नाही. मला त्याच्याशी बोलावेसे वाटते, आणि आपल्या बाजूची अडचणीची गोष्ट आधी सांगून बोलावेसे वाटते. हो, भाकरीच्या जोडीने धर्म दिला गेला, अशी ठिकाणे होती. भाकरी देणाऱ्याने त्या वेळी श्रद्धेविषयी तोंड बंद ठेवायला हवे होते.

आणि मग दुसरी गोष्ट. माझी आजी नेवासे तालुक्यातली. तिच्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावच्या पाणवठ्यावर त्यांना पाण्याला हात लावता येत नव्हता. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार-मांग समाजातून आली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या माणसांनी पोटासाठी धर्म विकला असे म्हणणारा आणि पोटाच्या आधाराने त्यांना धर्म देऊ पाहणारा, दोघांची समजूत एकच असते: गरिबाला मन नसते, फक्त पोट असते. माझ्या पणजोबांना पोट होते तसे डोकेही होते. त्यांनी एका व्यवस्थेला ‘नाही’ म्हटले आणि एका देवाला ‘हो’ म्हटले. त्यात भुकेचा वाटा किती आणि अपमानाचा किती, हे तराजूत घालण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या कोणालाच नाही. मलाही नाही.

आता इथले. या देशात कितीतरी फूड बँका चर्चच्या सभागृहांत चालतात. नव्याने आलेले आपले विद्यार्थी, पगार न मिळालेले, घरभाड्याने पिचलेले, त्या रांगेत उभे असतात. तिथे काम करणाऱ्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींना माझे एकच सांगणे आहे. पिशवी हातात देताना पत्रक देऊ नका. पिशवीतही सारू नका. त्या मुलाने विचारले की तुम्ही हे का करता, तर जरूर सांगा, घाई न करता सांगा, येशूचे नाव घेऊन सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रातला सल्लाही विचारणाऱ्याला उत्तर देण्याचा आहे, आणि तेही सौम्यपणे, आदराने. पण पुढच्या आठवड्यात तो आला आणि ‘काकू, मी गणपतीची आरती सोडणार नाही’ म्हणाला, तरी पिशवी तेवढीच जड असली पाहिजे. तुमच्या नाताळच्या जेवणाचे आमंत्रणही त्याला तसेच गेले पाहिजे.

माझ्या चर्चमधल्या काहींना हे मिळमिळीत वाटते. ‘मग साक्ष द्यायची कधी?’ असे ते विचारतात. माझे म्हणणे, साक्ष तिथे द्यावी जिथे समोरचा आपल्या बरोबरीचा असतो: ऑफिसातल्या सहकाऱ्याला, शेजाऱ्याला, मंडळाच्या कार्यकारिणीतल्या वादपटूला. तिथे कोणी आपले मिंधे नसते, तिथे उत्तरही तोलामोलाचे येते. पण तिथेच आपली जीभ टाळ्याला चिकटते आणि गरजवंतासमोर मात्र सैल सुटते. हे उलटे झाले पाहिजे.

यंदा मंडळाच्या नाताळच्या कार्यक्रमात व्यासपीठावरून प्रार्थना घ्यावी का, असे कार्यकारिणीने मला विचारले आहे. मी नको म्हणालो. जेवणाची ताटे वाढलेली असताना, मुले भुकेने कुरकुरत असताना, कोणालाही उठून बाहेर जाता येत नाही, आणि ‘आमेन’ म्हणायचे की नाही या पेचात दोनशे माणसांना धरून ठेवणे मला बरे वाटत नाही. गाणी म्हणू, टिळकांची म्हणू, बेथलेहेमची गोष्ट मी सांगेन, आणि ती मी खरी मानतो हेही लपवणार नाही. प्रार्थना त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या घरी आहे. पत्ता सचिवांकडे आहे. वाद घालायला येणाऱ्यांसाठी चहा जास्त ठेवू.